एक श्रेणी कमी

स्टोकमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद,
पट्टीने आखलेले सहा रकाने,
आणि इरावती त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत
सहा विद्यापीठांच्या अटी उतरवते आहे.

नदीकाठच्या जुन्या, दगडीला हवेत
ए-स्टार, ए, ए. रसायन हवंच.
समुद्राजवळच्याला ए, बी, बी चालतील,
पण जीसीएसईच्या गणितात सहाच्या खाली नको.
तिसरं म्हणतं, अक्षरं ठेवा, गुण सांगा: एकशे अठ्ठावीस.
चौथं भूगोलाला विज्ञान मानतं,
पाचवं मानत नाही.
सहाव्याला आधी एवढंच कळायला हवंय
की तुम्हाला दगड का आवडतात.

"दगड," मी म्हणतो.
"दगड," ती म्हणते. मान वर करत नाही.

परवा मी हळूच सातवा रकाना आखला होता, फार्मसीचा.
तिने तो खोडला नाही,
त्यात दुधाचा हिशेब लिहिला.

आमच्या लातूरला एकच यादी लागायची,
कॉलेजच्या व्हरांड्यात, काचेच्या पेटीत,
टक्के दशांशाच्या दोन घरांपर्यंत.
काचेवर बोट ठेवायचं आणि खाली सरकत जायचं.
नाव नाही आलं
तर तेच बोट खिशात घालून घरी.
दगड का आवडतात, हे कुणाच्या बापाने विचारलं नाही.

"बाबा, इथे खाली काहीतरी आहे."
ती आमचा पोस्टकोड टाकते.
चाक गरगरतं, हिरवी खूण येते.
"आपल्याला एक श्रेणी कमी चालेल. दगडीत तर दोन."
"का म्हणून?"
"आपल्या भागातून फारशी मुलं शिकायला जात नाहीत ना, म्हणून."

आपला भाग.
अकरा वर्षांचे हप्ते. दाराला मी दोनदा दिलेला निळा रंग.
समोरच्या हॅसल आजोबांच्या खिडकीतली जिरेनियमं,
जी मी त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर पाजली.
शेजारची कीली, सोळाव्या वर्षी गोदामात लागलेली,
तिच्यामागोमाग तिचा भाऊ.
हे सगळं मला ठाऊक होतं.
कुणीतरी ते मोजून ठेवलंय, हे नव्हतं ठाऊक.

"नको," मी म्हणालो. "पूर्ण गुणांवर जा.
सवलत नको आपल्याला."

शब्द बाहेर पडला आणि ओळखीचा निघाला.
अठराव्या वर्षी, कँटीनच्या कट्ट्यावर,
हाच शब्द मी सोनकांबळेसाठी वापरला होता.
त्याचे गुण माझ्यापेक्षा कमी, नाव पहिल्या यादीत.
माझं दुसऱ्या.
मोठ्याने म्हणालो होतो, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
त्याने कप धुऊन ठेवला आणि तासाला गेला.
पुढची चार वर्षं वर्कशॉपमध्ये
आम्ही दोघांनी एकच कानस वापरली.

"सवलत असं लिहिलेलंच नाही," इरावती म्हणते,
"संदर्भ लिहिलंय. हे बघ. सं-द-र्भ."
तिने मराठी शब्द कुठून शोधला कोण जाणे.

मी कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला उठतो.
आज मंगळवार, आज निळा.
ओल्या फरशीवर चाकं खडखडतात,
कीलीच्या घरातला टीव्ही पडद्यावर हलतो आहे.
सोनकांबळेने एकदा त्याच्या गल्लीचं नाव सांगितलं होतं,
बसस्टँडच्या मागे, नाल्याच्या पलीकडे कुठेशी.
आठवून पाहतो. भ-वरून काहीतरी.
की स-वरून.
मी नीट ऐकलंच नव्हतं.

आत येतो. हात गार.
"मग?" ती विचारते. खूण अजून तिथेच आहे, हिरवी.
"टाक," मी म्हणतो,
आणि चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकतो,
"पण पोस्टकोड बरोबर टाकलायस ना?
एक-एक अक्षर वाच बरं मोठ्याने."